नितेशचा डावा गुडघा

"मॅडम, फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो," मॅनेजर म्हणाले.

पेणच्या एका शाळेचा वर्ग आम्हाला ड्रेसिंग रूम म्हणून दिला होता. बाकावर आमचा मुख्य रेडर नितेश बसला होता आणि त्याचा डावा गुडघा माझ्या हातात होता.

मी फिजिओथेरपिस्ट. राहते रोह्याजवळच्या वरसे गावात. एका कंपनीच्या कबड्डी संघाबरोबर फिरते. संघात मी एकटीच बाई. बसमध्ये माझी सीट ड्रायव्हरच्या मागे, शेजारी बर्फाची पेटी. पेटी बोलत नाही, पण निदान उठून मागच्या टोळक्यात जाऊन बसत नाही.

फायनल तीन सामन्यांची होती. पहिला आम्ही रोह्यात दणक्यात जिंकलो. दुसऱ्यात नितेशला पकडताना दोघे त्याच्या पायावर पडले. तो बाहेर आला आणि हातातला सामना गेला. कबड्डीत वारं असंच फिरतं. बाहेर एकजण जातो, खांदे सगळ्यांचे पडतात. आज पेणला तिसरा, निकालाचा, आणि मी हो म्हटलं तरच नितेश उतरणार होता.

गुडघ्यात हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. नितेशची एक पट्टी अर्धवट फाटली होती. विश्रांती दिली तर जुळते. तशीच चढाई केली तर पूर्ण फाटू शकते, मग ऑपरेशन.

"दुखतंय का रे?"

"नाय मॅडम. कायच नाय." चेहरा अगदी कोरा. "आज खेललो तर परमनंट करतील, साहेब बोलले. नायतर कॉन्ट्रॅक्ट संपला."

मॅनेजरांनी खिडकीबाहेर बघितलं.

मी बाकं बाजूला सरकवली. "डाव्या पायावर लंगडी घाल. तोंडाने कबड्डी चालू ठेव."

चढाईत रेडरला एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहावं लागतं. नितेशचा दम अख्ख्या तालुक्याला माहीत. तो हसतच उठला. सरळ उड्या छान गेल्या. वळताना आवाज तुटला. पुन्हा घातली, पुन्हा वळतानाच तुटला. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"नितेश, तू आज खेळणार नाहीस."

"हरलो तर तुमच्यामुळे," मॅनेजर म्हणाले आणि बाहेर गेले.

"तुमची नोकरी हाय ना मॅडम," नितेश म्हणाला, "तुमाला काय जातंय!"

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

त्याच्या जागी राखीव रेडर उतरला. पहिल्याच चढाईत दोन गडी बाद करून आला आणि वारं आमच्या बाजूला फिरलं. आम्ही कप जिंकलो. फोटोला नितेशला कोणी बोलावलं नाही, मला तर नाहीच. आम्ही दोघं एका बाकावर, मधे बर्फाची पेटी. मी बर्फाची पिशवी पुढे केली. त्याने घेतली नाही.

परमनंट तो राखीव रेडर झाला. नितेश नंतर माझ्याकडे आलाच नाही. मी त्याला फोनवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवत राहिले. त्याने ते बघितल्याचं दिसायचं, उत्तर यायचं नाही.

परवा वरशात आमच्या समोरच्या बिल्डिंगखाली तो दिसला. गॅस एजन्सीच्या टेम्पोवर काम करतो. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढला, रिकामा घेऊन उतरला. मी फक्त डावा पाय बघत होते. वळताना कुठे अडखळ नाही.

"नितेश!" मी हाक मारली.

त्याने बघितलं, आणि दुसरा सिलिंडर उचलला.

घरी येऊन मी रडले, सांगून टाकते. आमच्या कामात पेशंट नीट चालायला लागला की आपल्यापासून लांबच जातो, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. गुडघा मात्र छान जुळलाय.