बडीशेप आणि लंबा पास

मैदानाच्या पायऱ्यांवर धूळ आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. धूळ निदान माळी अधूनमधून झाडतो. किस्से कोणी झाडत नाही, त्यामुळे आमच्याकडे एवढे झालेत की गिऱ्हाईक नसलं की मी दुकानात बसून एकटाच हसतो. मग समोरचा मोबाइलवाला विचारतो, "भिया, सब ठीक?"

दुकान चष्म्याचं, टावर चौकाजवळ. संध्याकाळी ते बायकोवर सोपवून मी स्कूटरनं कॉलेजच्या मैदानावर जातो. तिथं पायऱ्यांवर आमची बैठक. कॉलेजच्या फुटबॉल टीमला एवढ्या वर्षांत आमच्याइतके निष्ठावान आणि आमच्याइतके कुरकुरे प्रेक्षक मिळाले नसतील.

प्रभाताई रेल्वेतून रिटायर झाल्या. स्टेशनवर गाड्यांची अनाउन्समेंट त्यांचीच असायची. माईक ही त्यांची चैन होती, गरज नव्हती. मुळे काका बँकेतले, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप-खडीसाखरेची डबी. आणि विंचूरकर सर. सर त्याच टीमचे कोच होते. गेल्या उन्हाळ्यात रिटायर झाले आणि मैदानातून उठून आमच्या पायऱ्यांवर येऊन बसले, एवढाच काय तो फरक.

सरांची पद्धत सगळ्या उज्जैनला पाठ. बॉल बचावातल्या पवनकडे आला की त्यानं जोरात लंबा मारायचा, आणि पुढं उभ्या असलेल्या गोलूनं डोकं लावायचं. गोलू दारातून वाकून जातो, एवढा उंच. ही पद्धत चालायची. निदान आम्हाला तरी ती चालते असं वाटायचं.

*

हिवाळा संपता संपता नवीन कोच आल्या. नेहा मॅडम, देवासच्या, कॉन्ट्रॅक्टवर. वयानं आमच्या मुलींसारख्या. त्यांनी पहिल्याच दिवशी लंबा मारणं बंद केलं. बॉल जमिनीवर ठेवायचा, छोटे पास द्यायचे, आणि वाट अडली तर सरळ मागे गोलकीपरला देऊन पुन्हा सुरुवात करायची.

पहिली प्रॅक्टिस मॅच बघायला आम्ही उत्साहानं जमलो. बॉल पवनकडून डावीकडे, डावीकडून पवनकडे, पवनकडून गोलकीपरकडे. मग परत तेच. घराची चावी विसरलेल्या माणसासारखी टीम सारखी आपल्याच दारात येत होती. पलीकडच्या टीमचा गोलकीपर गोलच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि नंतर चक्क खाली बसला.

हाफ टाइमला प्रभाताई म्हणाल्या, "गाडी यार्डातच शंटिंग करून राहिली. प्लॅटफॉर्मला लागणार कधी?"

मुळे काकांनी सरांपुढं बडीशेप केली, ती त्यांनी घेतली नाही.

*

आमच्या गोलकीपरनं आजवर बॉल फक्त हातात धरला होता. आता मॅडमचं म्हणणं, पायानंही खेळ. पुढच्या मॅचला पवननं त्याला बॉल मागे दिला. समोरून दोघं धावत आले. गोलकीपरनं एकदा बॉलकडे बघितलं, एकदा त्या दोघांकडे, आणि अगदी नीट, अलगद, त्यांच्यातल्या एकाच्या पायात पास दिला. पुढं काय झालं ते सांगायला नकोच.

मॅच संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "दुकान में आ जाना, नंबर चेक कर दूँगा."

तो म्हणाला, "भिया, दिख तो रहा था. मॅडमने कहा था पास अच्छा होना चाहिए. पास अच्छा था न?"

पास खरंच चांगला होता.

*

रंगपंचमीच्या दिवशी मॅडमनी प्रॅक्टिस ठेवली. बाहेरून आलेल्या नव्हत्या त्या, देवासच्याच होत्या, तेव्हा रंगपंचमीला आपल्याकडे काय होतं हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण कॉलेजांची स्पर्धा जवळ आली होती, आणि एक दिवससुद्धा वाया घालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

पोरं सकाळभर रंगांच्या मिरवणुकीत गेर खेळून आली. तोंड ओळखू येईना. टीमचे दोन भाग केले, एका भागाला पिवळी जाकिटं दिली, आणि ती दहा मिनिटांत बाकीच्यांच्याच रंगाची झाली. कोण कुणाचा, काही कळेना. मग जो दिसेल त्याला पास द्यायचा असं सुरू झालं. आणि काय सांगू, बॉल असा सुरेख फिरला! इकडून तिकडे, तिकडून आत, शेवटी गोलूनं हळूच पाय लावला आणि गोल. नव्या पद्धतीचा पहिला गोल! आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. प्रभाताईंचा आवाज फ्रीगंजपर्यंत गेला असेल.

नंतर उलगडा झाला. त्या गोलातले निम्मे पास समोरच्या बाजूनं दिले होते, आणि गोल खाणारा गोलकीपर आनंदानं गोलूच्या गळ्यात पडला होता.

सर म्हणाले, "दोन्ही टीमनी मिळून एक गोल केला. यंदा एवढाच जमेल."

मॅडम मात्र खूश होत्या. "किसी ने भी दिया हो, अंकल. पास तो दिया."

*

प्राचार्य माझे गिऱ्हाईक. चैत्राच्या सुरुवातीला ते नंबर काढायला आले. मी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. खालून दुसऱ्या ओळीवर थांबून ते म्हणाले, "ये टीम पहले राउंड में हार गई तो मॅडम का कॉन्ट्रॅक्ट आगे नहीं बढ़ेगा. विंचूरकरजी को वापस बुला लेंगे. उनसे बात हो गई है."

मी म्हटलं, "सर, पुढची ओळ."

पुढची ओळ त्यांना दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी विंचूरकर सर मैदानावर आले ते पांढरे कॅनव्हासचे शूज घालून. त्यांचे जुने कोचिंगचे शूज, व्यवस्थित खडू लावून पांढरेशुभ्र केलेले. गळ्यात शिट्टी तेवढी नव्हती.

प्रभाताईंनी विचारलं, "सर, कुठं लग्नाला निघालात?"

"शूज पडून पडून खराब होतात," सर म्हणाले.

मग आपणहून बोलले. "घरी सगळे चांगले आहेत हो. सूनबाई चहा देते, पेपर देते. पण संध्याकाळचे पाच वाजले की मी घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात येतो. खुर्ची इकडे घेतली की ती झाडू घेऊन इकडेच येते. मैदानावर असताना मी कुणाच्या पायात येत नव्हतो."

सर परत मैदानात जावेत असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

*

स्पर्धेच्या आठवड्यात मॅडम प्रॅक्टिस थांबवून थेट पायऱ्या चढून आमच्याकडे आल्या. आम्हाला वाटलं, चहा विचारायला आल्या.

"आंटी," त्या प्रभाताईंना म्हणाल्या, "मेरी टीम आपकी सुनती है, मेरी नहीं."

गोष्ट खरी होती. पवनकडे बॉल आला रे आला की आमच्या पायऱ्यांवरून "लंऽऽबा दे!" असा गजर व्हायचा. आधी सर मैदानातून ओरडायचे, मागून आम्ही. सर थांबले, आम्ही चालूच राहिलो. आणि पवनचा पाय त्या आवाजावर आपोआप चालायचा. मॅडमनी दोन महिने शिकवलेलं प्रभाताईंच्या एका हाकेत पार पुसलं जायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण आमच्या शेळ्या ऐकत होत्या, ही खरी अडचण.

"मॅच के दिन, जब बॉल अपने पास हो, बस तब चुप रहिएगा," मॅडमनी हात जोडले. "मेरी नौकरी का सवाल है."

त्या खाली उतरल्यावर प्रभाताई म्हणाल्या, "मला आयुष्यभर बोलायचा पगार मिळाला. गप्प बस म्हणणारी ही पहिली." मग आवाज बारीक करून, म्हणजे दोन पायऱ्यांपर्यंतच जाईल असा करून, म्हणाल्या, "पण पंचाईत बघा. आपण गप्प बसलो तर सर घरी. ओरडलो तर ती पोर घरी."

आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "गप्प बसा. हरायचं तर तिच्या पद्धतीनं हरू द्या. तुमच्या आवाजानं नको."

गप्प बसायचं ठरलं, पण बसायचं कसं? उपाय मुळे काकांनी काढला. आपल्याकडे बॉल आला की प्रत्येकानं तोंडात बडीशेपेचा बोकणा भरायचा. समोरच्यांकडे गेला की गिळायचा. डबी पुरेना म्हणून ते घरून बरणीच घेऊन आले. टीमबरोबर आमचीही प्रॅक्टिस सुरू झाली. पहिल्या दिवशी प्रभाताईंना ठसका लागला आणि तो ऐकून पवननं लंबा मारला.

दोन दिवस पायऱ्यांवर शांतता बघून गोलू काळजीत पडला. माझ्याजवळ येऊन, प्रभाताईंकडे बघत हळूच म्हणाला, "काकू नाराज हैं क्या?"

*

पहिल्या राउंडची मॅच आमच्याच मैदानावर झाली. ऊन उतरलं होतं तरी पायऱ्या तापलेल्या होत्या. प्राचार्य नवा चष्मा लावून खुर्चीत. मॅडम मैदानाच्या कडेला, एका जागी दोन सेकंदही उभ्या राहत नव्हत्या. सर आमच्यात, पांढरे शूज घातलेले पाय जुळवून.

सुरुवातीलाच आमच्या गोलकीपरनं तोच, मागच्यासारखाच चांगला पास दिला आणि आम्ही गोल खाल्ला. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. प्रभाताईंचे गाल बडीशेपेनं फुगलेले, डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही. हाफ टाइमनंतर गोलूनं कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी केली. तो गोल नव्या पद्धतीचा की जुन्या, यावर मुळे काकांना वाद घालायचा होता, पण तोंड भरलेलं होतं.

बरोबरी राहिली असती तर पेनल्टी झाल्या असत्या, आणि आमच्या गोलकीपरची त्या दिवसाची मन:स्थिती बघता पेनल्टीत काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको.

शेवटची मिनिटं. बॉल पवनकडे आला. समोरून तिघं त्याच्या अंगावर धावले. कॉलेजची सगळी पोरं ओरडायला लागली, "मार! मार!" पुढं गोलूनं सवयीनं हात वर केला होता. असा लंबा पास बघत आम्ही म्हातारे झालो. पवन गोंधळला, आणि त्यानं सवयीनं आमच्या पायऱ्यांकडे बघितलं.

मुळे काकांनी डोळे मिटले. प्रभाताईंनी तोंडावर पदर दाबून धरला. मीही ओठ घट्ट मिटले.

आणि माझ्या शेजारी सर उभे राहिले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. मैदानात असताना ओरडायचे ना, तस्से ओरडले.

"पवन! मागे दे!"

पवननं मागे दिला. तो आवाज त्याच्या पायाला ओळखीचा होता. गोलकीपरनं या वेळी उजवीकडे दिला, आपल्याच माणसाला. तिथून मध्ये. ते तिघं पवनपाशीच अडकले होते, मध्ये सगळं मैदान मोकळं. गोलू हात खाली करून मागे आला, बॉल घेतला, बाजूला दिला, परत घेतला. छोटा, छोटा, छोटा. आणि गोल.

मैदानात एकच गोंधळ. गोलकीपर धावत जाऊन गोलूच्या गळ्यात पडला, या वेळी योग्य कारणासाठी. मॅडम जिथं होत्या तिथंच मटकन खाली बसल्या. खुर्चीतले प्राचार्य वळून आमच्या पायऱ्यांकडे बघत राहिले, त्या चष्म्यातून त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

सर खाली बसले. प्रभाताईंनी घाईघाईनं बोकणा गिळला. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"सर, हे काय केलंत तुम्ही?"

"नियम मोडला," सर म्हणाले, आणि मुळे काकांपुढे हात पसरला. "आणा ती बडीशेप."