सिस्टरना न दाखवलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सिस्टरनाही ओळखत नाही.

सिस्टर म्हणजे शिरसाठ सिस्टर. सावेडीत आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. सगळी नोकरी नर्स म्हणून झालेली. मी सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेली. दोघी विधवा, दोघी एकट्या — पण आमचं एकटेपण सारखं नव्हतं. त्यांना चर्च होतं, ओळखी होत्या, जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना हाक मारायचा. मला काय होतं? मुलाचा शनिवारचा फोन. ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का.’ बाकी दिवस माझा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा नाही. सिलिंडर देणारा आला की मी त्याला उगाच पाणी विचारायचे.

सिस्टरची थोरली बहीण, आक्का, जामखेडला मुलाकडे असते. तिला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी चालायची. त्या हातानं ती मोबाईलवर कॅरम खेळायची. रोज दुपारी, इकडून सिस्टर, तिकडून आक्का. दुसरं काही बोलणं दोघींत शक्यच नव्हतं. डाव वेळेवर सुरू झाला की सिस्टरना कळायचं, आक्का आज बरी आहे.

मग सिस्टरचा मोबाईल बिघडला. नवा घेतला, तर खेळ उघडेना. कोड पाठवलाय म्हणायचा — तो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद पडलेला. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर खातंच कुलूपबंद झालं.

त्या माझ्याकडे आल्या. “मॅडम, तुमी हापिसात इतकी पत्रं लिवली. ह्या कंपनीला एक लिवा ना. तिच्या पोरानं सांगितलंय तिला, पर उमगलं का न्हाई, देव जाणे. आक्काला वाटंल, मी रुसले.”

त्यांना ईमेल नव्हता. मी माझ्या पत्त्यावरून लिहिलं — हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यामुळेच जमलं.

कंपनीचा फोन नंबर कुठेच नव्हता. उत्तरं यायची, पण कसली? ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ खाली दर वेळी नवं नाव. खातं कधी उघडलं, विचारलं. आम्ही आठवून कळवलं. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. एकदा तर आपली तक्रार सोडवली आहे म्हणून परस्पर बंद करून टाकली आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारलं. सिस्टर इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

रोज चार वाजता त्या यायच्या. मी चहा टाकायचे. उत्तर आलं का बघायचं, नवं पत्र लिहायचं, कंपनीला शिव्या घालायच्या — आणि मग गप्पा. सहा वाजायचे. मी दुपारी केस विंचरून बसायला लागले. बिस्किटांचे दोन पुडे आणायला लागले. माझं असं कुणी वाट बघण्यासारखं कधी होतं? आठवत नाही.

आक्काचा मुलगा विल्सन एकदा फोनवर म्हणाला, “मावशे, नवीन खातं काढ की. मी इकडून जोडून देतो.” सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, नवं काढलं तर जुनं कायमचं जाईल, आणि कंपनी मग काहीच ऐकणार नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथे रचलं. त्यांनी मान डोलावली — मी शिकलेली, मला कळणारच.

पण मला सांगायचं आहे ते हेही नव्हे. मी अजून आडून आडूनच बोलते आहे, नाही का?

दीड महिन्यानं एका सकाळी मेल आला. तपासणी झाली, खातं मोकळं केलं आहे, खालच्या लिंकवर जाऊन नवा पासवर्ड घ्या, लिंक तीन दिवस चालेल. मी तो दोनदा वाचला. खाली जाऊन बेल वाजवायला किती पायऱ्या? अठरा.

चार वाजता सिस्टर आल्या. “काय आलं का?”

“नाही हो,” मी म्हणाले. आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या गेल्यावर मी मेल उघडून बसले. अजून काही तास होते. मी नुसती बघत राहिले. लिंक संपली, तेव्हा मला हायसं वाटलं. होय — हायसं.

पुढचे वीस-बावीस दिवस आम्ही पत्रं लिहीत राहिलो. म्हणजे त्या सांगायच्या, मी टंकायचे आणि पाठवल्यासारखं करायचे.

मग विल्सनचा फोन आला. सिस्टरनी तो माझ्याच घरी घेतला. “मावशे, आई मोबाईल हातात घेईना. दिला की भिंतीकडं तोंड करती. दोन दिस झालं, नीट जेवली बी न्हाई.”

त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझा हात धरला. तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी त्यांचा हात थोपटला.

आठवड्याभरात त्या जामखेडला गेल्या, आक्काजवळ राहायला, कायमच्या. टेम्पोत सामान चढलं. मला मिठी मारून म्हणाल्या, “मॅडम, तुमी माझ्यासाठी लई केलं.”

खालच्या फ्लॅटमध्ये आता नवरा-बायको राहतात, दोघंही नोकरीवाले. दिवसभर कुलूप असतं.

सिस्टरचा अधूनमधून फोन येतो. आक्का त्यांना ओळखते, त्यांच्या हातून भरवून घेते, पण मोबाईल समोर धरला की अजूनही मान फिरवते. परवा म्हणाल्या, “त्या कंपनीवाल्यांला देव बघून घेईल. एका उत्तरानं काय जात हुतं त्यांचं?”

मी म्हणाले, “माणसंच तशी, सिस्टर.”

त्या माणसांनी उत्तर दिलं होतं. मी ते वाचलं होतं.