वीतभर बैलाचं सामान: नांदेड, कंधार, लातूर

"आई, येताना माझा बैल आण," एवढंच बोलून श्रुतीने फोन ठेवला. श्रुती म्हणजे माझी मुलगी. लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लासेस करते, यंदा तिची दुसरी खेप. आणि बैल म्हणजे कापडी, वीतभर, आधी माझा आणि मग तिचा. अठरा वर्षांच्या मुलीला अचानक चिंध्यांचा बैल का हवा? हल्ली तिचं फोनवरचं बोलणं 'हो', 'बरं', 'जेवले' एवढ्यावर आलं होतं. क्लासेसच्या गावांतल्या मुलांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. माझ्या डोक्यात दिवसभर त्याच फिरत होत्या.

"तिने बैल मागितलाय. तू लगेच आभाळ कोसळल्यासारखं करू नकोस," नवरा म्हणाला.

माळ्यावरची पेटी उघडली, तर उंदरांनी बैलाचा पार भुगा केला होता. गळ्यातलं पितळी घुंगरू तेवढं शाबूत. हे तिला फोनवर सांगायची माझी हिंमत होईना. मग ठरवलं, तसाच नवा बैल शिवायचा आणि रविवारी पालकांच्या भेटीला घेऊन जायचं. खेळण्यांचं सामान कुठून आणता, असं तुम्ही बरेच जण विचारता, म्हणून हा प्रवास झाला तसा लिहिते.

शुक्रवारी नांदेडात हिंडले. शिंगं, कान आणि खुरांना जाड फेल्ट लागतं. वजिराबादच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात ते रंगीत, पातळ तुकडे. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक, पण त्याचं शिंग उभं राहत नाही. मला दाबलेली लोकर हवी होती. "फेल्ट आहे का, फेल्ट?" करून घसा सुकला. शेवटी खोगिरांचं सामान विकणाऱ्या एका चाचांना बोटांनी जाडी दाखवली.

"नमदा म्हना की बाई. खोगिराच्या खाली घालतेत त्यो," ते म्हणाले. "घोडा कोन्ता हाय तुमचा?"

"बैल आहे."

"बैलाला खोगीर?"

त्यांना समजावताना त्या आठवड्यात मला पहिल्यांदा हसू आलं. कापून उरलेले तुकडे त्यांनी चहापाण्याच्या पैशांत दिले. भरायला गादीवाल्याकडून पाव किलो रेक्रॉन, म्हणजे उशांत भरतात तो कृत्रिम कापूस, घेतलं. तुम्हीही तेच घ्या, साध्या कापसाच्या धुतल्यावर गाठी होतात.

कापड मात्र नांदेडात मिळणारं नव्हतं. भूकंपानंतर औशाकडच्या आमच्या गावी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. मी तेव्हा चौथीत होते. मदतीत वाटलेल्या राखाडी ब्लँकेटची कड कापून आईने तो बैल शिवला होता. आई आता नाही, पण तसलं एक ब्लँकेट तिच्या धाकट्या बहिणीकडे, कंधारच्या मावशीकडे आहे हे मला ठाऊक होतं. शनिवारी सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची चिंता नाही. लोक कंधारला किल्ला बघायला जातात. मी स्टँडवर उतरून थेट मावशीच्या ट्रंकेपाशी गेले, त्यामुळे किल्ल्याविषयी मला विचारू नका.

"चांगलं ब्लँकेट कशाला फाडायलीस गं?" मावशी म्हणाली. "पोरीला काय झालंय का?"

"काही नाही."

"मंग डोळे कशाला भरलेत तुझे?"

मग मी रडलेच. मावशीने चुरमुऱ्यांची सुशीला करून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःच कात्री हातात घेतली. "धर तिकडून," म्हणाली. दुपारभर मी शिवत बसले. नमद्याची शिंगं झकास उभी राहिली.

"आन् घुंगरू?" मावशीने विचारलं.

"घरी ठेवलं. श्रुतीच्या होस्टेलच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला आवाजाचा त्रास होईल."

मावशीला ते काही पटलेलं दिसलं नाही.

रविवारी पहाटे लोह्याला येऊन लातूरची गाडी पकडली. अहमदपूर, चाकूर, आणि लातूर जवळ आलं तशी फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांची हसरी तोंडं. दरवेळी मी ती कौतुकाने बघते. या वेळी बघवेनात.

श्रुती वाळली होती. तिने बैल गालाला लावला आणि मग कानाशी धरून हलवला.

"वाजत नाही?"

मी उंदरांपासून सगळं सांगून टाकलं. "नवा असला तरी चालेल गं," ती म्हणाली, "पण वाजणार नसेल, तर जागा कसा राहील?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेडमध्ये तो बैल माझ्या अंथरुणावर टांगलेला असे. जमीन मधूनमधून हलायची, म्हणून शेजारीपाजारी भांड्यावर भांडं रचून झोपत. आई म्हणायची, "जमीन हलली की ह्यो वाजंल. ह्यो जागा हाय, तू नीज." श्रुती लहान असताना मीच तिला हे गोष्टीसारखं सांगून झोपवायचे.

"मला झोपच येत नाही, आई," ती म्हणाली. "डोळे मिटले की वाटतं, मी झोपले तर सगळे पुढे निघून जातील."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती बोलत होती, आणि मला ते तोडायचं नव्हतं. दुपारची टेस्ट बुडवून आम्ही दोघी गंजगोलाईत गेलो. तिथे बैलांच्या झुली, म्होरक्या, घुंगुरमाळा मिळतात.

"बैल केवढा हाय?" दुकानदाराने विचारलं.

श्रुतीने पिशवीतून बैल काढून गल्ल्यावर ठेवला. त्याने तो गंभीरपणे बघितला. "ह्याला माळ न्हाई बसत. एकच घ्या."

बाहेर गाड्यावर तिने निलंगा राईसच्या दोन प्लेटा खाल्ल्या. मी लातूरच्या एका मैत्रिणीकडे चार दिवस मुक्काम केला, तिला डॉक्टरांना दाखवलं, क्लासच्या सरांशी बोलले. परीक्षा द्यायची की नाही, हे तीच ठरवेल.

आता नांदेडला परत आलेय. नमद्याचे उरलेले तुकडे मशीनवर पडलेत. काळजी संपलेली नाही, फोन वाजला की अजून धस्स होतं. असा बैल शिवणार असाल, तर घुंगरू सगळ्यात आधी घ्या.

आज सकाळी मी तिला विचारलं, "रात्री वाजलं का गं घुंगरू?"

"काय माहीत," श्रुती म्हणाली. "मी झोपले होते."