मी फिरवलेलं सलाईनचं चाक

देवाशी माझा संबंध जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याइतका होता. नमस्कार व्हायचा, जाणं-येणं नव्हतं. आमच्या इंदूरमध्ये अध्यात्म लाउडस्पीकरवरून येतं आणि फलकावर देवापेक्षा महाराजांचा फोटो मोठा असतो, एवढं कारण मला लांब राहायला पुरत होतं. पत्नी मात्र रोज दत्तापुढे दिवा लावते.

गेल्या वर्षी आमच्या सहा वर्षांच्या मनूच्या अपेंडिक्सला सूज आली. सकाळी एका छोट्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं, ऑपरेशन दुपारी ठरलं. उलट्या होत होत्या, तोंडाने पाणीही बंद, म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. आमच्याकडे भेटायला येणारा आधी बाटलीकडे बघतो, मग पेशंटकडे. माझा मेहुणाही बाटलीकडे बघूनच म्हणाला, "भावजी, हे तर एकदम स्लो चाललंय. थोडं तेज करा ना, बच्ची भुकी आहे, ताकत येईल."

सिस्टर बाहेर गेल्या होत्या. लोकांच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांना हसणारा मी उठलो आणि नळीवरचं चाक सैल केलं. माझाही तो अंगाराच होता, फक्त प्लास्टिकच्या बाटलीतला. बाटली भराभर संपली. दुसरी लावली, तेव्हा पुन्हा तेच केलं. मनू डोकं दुखतंय म्हणाली आणि पेंगुळली. झोप लागली, बरं झालं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

नेहमीचे भूल देणारे डॉक्टर दुसरीकडे एका लांबलेल्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. त्यांच्याऐवजी एक डॉक्टरबाई आल्या, मूळच्या नाशिकच्या. त्यांनी मनूला दोनदा हाक मारली. तिने डोळे उघडून लगेच मिटले. बाईंनी बाटलीकडे पाहिलं.

"दुसरी? इतक्या लवकर?"

मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मी गप्प राहिलो असतो तर दोष त्यांच्यावर गेला असता, आणि गप्प राहणं फार सोपं होतं.

"चाक मी फिरवलं," मी म्हणालो. "दोनदा."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. आधी बाटली बंद केली, मग समजावलं. या पाण्यात साखर भरपूर, मीठ अगदी थोडं. आजारी मुलाचं शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. झटके येऊ शकतात. भूल दिल्यावर हे पटकन लक्षातही आलं नसतं. रक्त तपासलं. सोडियम खरोखरच खाली गेलं होतं. साखर, जिच्यासाठी मी हा उद्योग केला, ती हवी त्याहून जास्तच होती. बाईंनी जास्त मिठाचं थोडंसं पाणी शिरेतून मोजून दिलं, मग रक्ताइतकंच मीठ असलेली बाटली लावली. ऑपरेशनमध्येही हीच चालेल म्हणाल्या. पण आधी मीठ वर येऊ दे.

आता मी काय करू, असं मी तीनदा विचारलं असेन.

"काहीही करू नका," त्या म्हणाल्या. "तिचा हात धरून बसा. हा नाही, सुई नसलेला."

मी बसलो. काहीही न करता इतका वेळ मी आयुष्यात प्रथमच बसलो होतो. मला कळत नाही, तूच बघ, एवढंच मनात येत होतं. ओठ हलत असावेत. पत्नीने ते पाहिलं आणि काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

ऊन उतरायच्या सुमारास मनू स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, हात सोडा ना, पसीना येतोय." डॉक्टरबाई हसल्या. त्यानंतर ऑपरेशन झालं, नीट झालं.

त्या बाई तिथे कशा आल्या, हे मला ठाऊक आहे. दुसरीकडचं ऑपरेशन लांबलं म्हणून. पण त्या क्षणी माझ्या तोंडून खरं कसं निघालं, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. माझा स्वभाव तसा नाही. जे आपल्या हातचं नाही त्यावरून हात काढून घ्यावा, एवढीच शरणागती मला समजली, आणि तीही माझ्या मुलीचा जीव टांगणीला लागल्यावर.

आता सकाळी मनू शाळेच्या बसमध्ये चढते तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडतो. कुणाला, हे अजून नीट ठरलेलं नाही. जोडायचे, हे ठरलं आहे.