तानबाच्या छातीवरचा कॅमेरा

पुलगाव-नाचणगावच्या पट्ट्यात १९९५ नंतर ज्यांची लग्नं लागली, त्यांच्या कॅसेटमध्ये हळदीचा भाग स्वच्छ आणि स्थिर दिसत असेल, तर तो ज्योत्स्ना नगराळेने काढलेला आहे असं खुशाल समजावं. लग्न लागताना चित्र थरथरायला लागलं, की तिथून तिचा नवरा योगेंद्र सुरू होतो. योगेंद्र माणूस सोन्यासारखा, पण कॅमेरा खांद्यावर घेतला की तो श्वास रोखून धरायचा, आणि शेवटी श्वास सोडला की नवरा-नवरी दोघंही हलायची.

ज्योत्स्ना मूळची पिपरी मेघेची. लग्न होऊन पुलगावला आली ती थेट योगेंद्रच्या फोटो स्टुडिओमागच्या दोन खोल्यांत. हळदीला बायकांच्या घोळक्यात पुरुष माणूस नको, म्हणून पहिल्यांदा तिला पाठवलं, आणि मग लोक तिलाच मागायला लागले. कॅमेरा अडला की योगेंद्र त्याला एक थाप मारायचा. ज्योत्स्ना कधी मारत नसे. तिने दोनशे पानी वही घातली होती, डावीकडे बिघाड, उजवीकडे उपाय. तिचा नियम एकच होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं हे काय स्वप्नात येणार आहे, असं ती योगेंद्रला विचारायची.

२००३ साली त्यांनी तळहातावर मावणारा कॅमेरा आणला. त्याची कॅसेट काडेपेटीएवढी. गिऱ्हाइकांना तो पसंत पडेना. एवढ्याशा डबीत आमची वरात मावते का, असं लोक तोंडावर विचारत. त्यामुळे तो बहुतेक कपाटात राही, आणि ज्योत्स्ना फावल्या वेळात त्याच्याशी खेळत बसे.

पुढच्या वर्षी नाचणगावच्या तानबा भोयरांच्या नातीचं, जागृतीचं लग्न झालं. कॅसेट द्यायला ज्योत्स्ना गेली तेव्हा तानबांची बायको कोकिळाबाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. गुडघ्यांनी दगा दिलेली म्हातारी पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "पोरी, लगन पायलं. आता मले बुढ्याचा पट दाखवशीन काय?"

तानबा हे शंकरपटातलं जुनं नाव. हिवाळ्यात गावोगावी पट भरत. दोन बैल, हलकी छकडी, वर उकिडवा बसलेला हाकणारा, आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ आटोपलेला. चाळीस वर्षं तानबा जोडी हाकत होते आणि चाळीस वर्षं कोकिळाबाई घरून ओवाळून त्यांना पाठवत होती. तिने एकही पट पाहिला नव्हता. हाकणाऱ्याच्या घरची बाई पटात गेली तर जोडी हरते, असा भोयरांच्या घरात समज. आता समज मोडावा म्हटलं तर गुडघे मोडलेले. आणि या हिवाळ्यानंतर तानबा कासरा सोडणार होते, कंबर साथ देईना. म्हणजे पाहायचं ते याच हिवाळ्यात, नाहीतर कधीच नाही.

ज्योत्स्नाने हो म्हटलं. नाही म्हणायचं तिला जमतच नसे, आणि त्यापायी तिने आयुष्यात बरंच ओढवून घेतलं होतं.

हंगामाच्या पहिल्या पटाला योगेंद्र कडेला उभा राहून शूटिंग करून आला. कोकिळाबाईने टीव्हीसमोर पदर सावरला. धुळीचा एक लोट डावीकडून उजवीकडे गेला. "याच्यात बुढा कुठी हाय?" तिने विचारलं. योगेंद्रने लोटाच्या मध्यावर बोट ठेवलं. म्हातारीने भल्या मनाने मान डोलावली, तेच ज्योत्स्नाला लागलं. तिने ठरवलं, कॅमेरा छकडीवरच जाईल.

कापूस वेचून झालेल्या तानबांच्या वावरात सकाळी सरावाची धाव असायची. ज्योत्स्ना तिथे वही घेऊन हजर होऊ लागली. पहिल्या दिवशी तिने छोटा कॅमेरा सुताच्या दोरीने छकडीच्या लाकडाला करकचून बांधला. चाकाचा प्रत्येक धक्का थेट कॅसेटला बसला आणि चित्रात निळे चौकोन नाचले. दुसऱ्या दिवशी घरच्या कापसाची मऊ गादी करून त्यात ठेवला. मग तो झोळीतल्या लेकरासारखा उसळला, आणि निम्मा वेळ आकाश दिसलं. वहीत तिने लिहिलं, घट्टही नको, मऊही नको. मग छकडीवरची नजर काढून तिने तानबांकडे पाहायला सुरुवात केली. छकडी उडत होती, पण उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याची छाती जवळजवळ जागच्या जागी होती. सगळे धक्के त्यांचे गुडघे आणि कंबर खात होते. चाळीस वर्षं खाल्ले होते.

तिने जाड कापडाची पिशवी शिवली, रुंद इलॅस्टिकचे पट्टे लावले आणि कॅमेरा तानबांच्या छातीवर आवळला. तानबा फारसं न बोलणारे. त्यांनी खाली पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तान्हं पोट्टं बांधल्यावानी वाटते."

मग बारीकसारीक गोष्टी एकेक करून सुधारल्या. कॅमेरा आपोआप नजर, म्हणजे फोकस, जुळवायला जाई आणि उडणाऱ्या धुळीला भुले, म्हणून तिने नजर दूरवर पक्की करून ठेवली. चित्र जवळ ओढायचं बटण चिकटपट्टीने बंद केलं, कारण ओढलेलं चित्र दुप्पट हलतं. जोडी भरधाव सुटली की मात्र ते जरासं हलायचंच, हे तानबांनीही पाहिलं होतं. नवी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून मोकळी करून घेतली. तरी दोन सेकंद निळे चौकोन येतच होते. तेव्हा तिने कॅसेटला टेकणारं आतलं हेड पुसलं, आणि मागच्या लग्नातल्या अक्षतांचा भुगा की काय ते निघालं. योगेंद्र म्हणाला, थाप मारली असती तरी निघालं असतं. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

दुसरा पट जवळच्याच गावात होता. सकाळी कोकिळाबाईने अंगणात जोडी ओवाळली, छकडी ओवाळली, तानबांना ओवाळलं. पटाच्या जागी सुटायच्या घाईत, धुळीत आणि आरडाओरड्यात ज्योत्स्नाने बटण दाबलं, लाल दिवा लागलेला पाहिला आणि बाजूला झाली. तानबांची जोडी पहिली आली. घरी येऊन टीव्हीला वायर जोडली, तर पडदाभर तांबडं धुकं, आणि त्याच्या बरोबर मध्ये तांदळाचा एक दाणा.

कोकिळाबाईने कॅमेऱ्यालाही कुंकू लावलं होतं, बरोबर काचेवर. छकडीबरोबर धावणार तोही, मग त्याला कसं वगळायचं? ज्योत्स्नाच्या घरी यंत्राला कुंकू लावायची पद्धत नव्हती, त्यामुळे असं काही होईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारपाजारचे हसले. म्हातारी हसली नाही. तिने हाताचं कुंकू पदराला पुसलं आणि म्हणाली, "माह्याच हातानं मी माह्ये डोये झाकले."

ज्योत्स्नाला रात्रभर वाईट वाटत राहिलं. चूक आपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवा पाहिला, काच पाहिली नाही. वहीत डावीकडे तिने 'कुंकू' असं लिहिलं आणि उजवीकडे बराच वेळ काही सुचेना. म्हातारीला ओवाळू नको म्हणणं तिच्याने होणार नव्हतं.

आता एकच पट उरला होता, आर्वीकडचा, आणि तो तानबांचा शेवटचा. दरम्यान आवाजाचं राहिलं होतं. धाव सुरू झाली की वाऱ्याची घरघर सगळं खाऊन टाकायची. ज्योत्स्नाने तान्ह्या बाळाच्या लोकरी टोपीचा तुकडा कापून माइकवर बसवला. सरावात खुरांची धडधड ऐकू आली, घुंगरं ऐकू आली, तानबांचं पुटपुटणंही. ती त्या दिवशी एकटीच वावराच्या बांधावर हसत बसली.

निघायच्या सकाळी कोकिळाबाई ताट घेऊन आली. तानबांच्या छातीपाशी आली तशी ज्योत्स्नाने पुढे होऊन काचेवर आपला तळवा ठेवला. म्हातारी तिच्या पालथ्या हातावर कुंकवाचं बोट टेकवून म्हणाली, "लावजो व्यवस्थित." ते सांगणं कॅमेऱ्याबद्दल होतं.

आर्वीकडे गर्दी मोठी होती. ज्योत्स्नाने काच पुसली, दिवा पाहिला, पुन्हा काच पाहिली. या वेळी तिने बटण बरंच आधी दाबलं, सुटायची वाट पाहण्यातली पाच-सात मिनिटंही कॅसेटवर जाऊ दिली. मग ती धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. जोडी सुटली, आली, गेली. घड्याळवाल्याने वेळ पुकारली आणि लोक हळहळले. तानबांचा सहावा नंबर लागला. मागच्याच पटात पहिली आलेली जोडी. डाव्या अंगाचा बैल दमला होता, असं तानबांनी सगळ्यांना सांगितलं. टेम्पोतून येताना ते बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ज्योत्स्नाला वाटलं, शेवटचा पट हरल्याचं दुःख असेल, आणि तिने त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोयरांच्या खोलीत टीव्ही लागला. तानबा आत आले नाहीत. बैलांना पाणी दाखवायचं आहे म्हणाले आणि अंगणात छकडीच्या दांडीवर पाठमोरे बसले.

चित्र आलं. ज्योत्स्नाने स्वतः पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला खरंच भरून आलं. बैलांची शिंगं, त्यांच्यामधून सरळ गेलेली मातीची वाट, दोन्हीकडे माणसांच्या भिंती, सगळं कसं स्वच्छ. मग आवाज आला, तानबांचा, अगदी कानाशी बोलावा तसा. जोडी सुटायची वाट पाहत होती आणि ते बैलांशी बोलत होते.

"हळू जायचं बाप्पा. आज जितायचं नाई. घरी बुढी वाट पायते."

पडद्यावर झेंडी पडली. बैलांनी झेप घेतली आणि त्याच क्षणी कासरे ताणलेले दिसले, एका संथ, सारख्या ताणात, शेवटपर्यंत. "सरय. सरय. हालू नका," असा आवाज खुरांच्या धडधडीबरोबर येत राहिला. वाट मागे गेली, माणसं मागे गेली, टोकाचं चिंचेचं झाड जवळ आलं, आणि चित्र एकदाही हललं नाही. ज्योत्स्नाच्या वहीतल्या कुठल्याही उपायाने ते इतकं स्थिर झालं नसतं.

कॅसेट संपली. कोकिळाबाई भिंतीला धरून उठली. ज्योत्स्ना हात द्यायला गेली, तो तिने घेतला नाही. एकेक पाऊल टाकत ती अंगणात गेली आणि दांडीवर तानबांशेजारी, जरा अंतर ठेवून, टेकली.

"काऊन आवरली जोडी?" तिने विचारलं.

"हालत होतं," तानबा म्हणाले. "तुले दिसलं नसतं."