टाक्यांवरची हळद

ती हळद आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलीस खात्यात रक्त पुष्कळ पाहिलं आणि विसरलो. हळदीचं ते एक बोट मात्र विसरता आलं नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा रेवदंड्याच्या बाजूला फौजदार होतो. पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एका सकाळी वाडीचा राखणदार बेशुद्ध सापडला. शेजारी बैलगाडी उभी आणि गाडीवान त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. गावाने तिथल्या तिथे निकाल लावला, गाडीच अंगावरून गेली. आम्ही गाडीवानाला कोठडीत बसवलं. "सायेब, मी आलो तवा तो पडलेलाच व्हता," एवढंच तो घोकत राहिला. राखणदार अलिबागच्या इस्पितळात, शुद्ध नाही. तो दगावला असता तर गाडीवान खडी फोडायला गेलाच असता. त्याची बायको रोज भाकरी घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. जाता-येता तिची नजर चुकवणं मला जड जायचं.

जागेचा पंचनामा करताना आमच्या हवालदाराला गवतात एक दुधी रंगाचा तुकडा मिळाला होता. प्लॅस्टिकचा, जाडसर, एका कडेला गोलाई. त्या काळी आमच्याकडे प्लॅस्टिक म्हणजे कंगवा नाहीतर साबणाची डबी. हा तुकडा कशाचा, कोणालाच सांगता येईना. शेवटी बंदरावरच्या एका तांडेलाने खबर दिली. "आगबोटीवरचा खलाशी सुट्टीवर आलाय ना, त्याची परदेशी फटफटी हाय. पायावर चिखल उडू नये म्हणून पुढं असल्याच प्लॅस्टिकची ढाल हाय तिला."

खलाशी गोड बोलणारा, बसायच्या आधी चहा विचारणारा. असल्या माणसाचा मला उगीचच संशय येतो. पण ढाल धड होती. हात फिरवला तर गुळगुळीत, वर ताजा रंग. "कुठे पडली-बिडली?" विचारलं, तर म्हणाला, "छे साहेब, कोरी करकरीत आहे." लवकरच तो बोटीवर परत रुजू होणार होता. एकदा समुद्रावर गेला की संपलंच. मी हात हलवत निघणार, तेवढ्यात हवालदार खाली वाकला. हा गडी कोळीवाड्यातला. ढालीच्या आतल्या अंगाला तांब्याच्या तारेचे बारीक टाके होते आणि त्यांवर हळदीचं बोट ओढलेलं होतं.

"गाडीची पूजा केली होती," खलाशी घाईने म्हणाला.

"पूजेची हळद समोरून लावतात रे बाबा. आतून कोण लावतो?" हवालदार माझ्याकडे वळला. "सायेब, ही होडीची हळद. आमच्यात डागडुजी झाली की सुताराच्या घरातली लेक सांध्याला हळद लावते, मगच होडी पाण्यात."

ढाल जप्त करून, पंच बरोबर घेऊन आम्ही खाडीकाठच्या होडीसुताराकडे गेलो. "काम माझंच," तो लगेच म्हणाला. "फटफटी मचव्यातून उतरवताना आपटली म्हणाला. तापल्या सुरीनं कडा जुळवल्या, आतून तार घातली. एक तुकडा हरवला व्हता, तिथं साबणाच्या डबीचं झाकण कापून बसवलं." मी ढाल उजेडात धरली. समोरून भेग सापडेना. ऐन तपासात माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मग मी आमच्याकडचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला, तो कुठे सापडला ते सांगितलं. सुताराचा चेहराच उतरला. "खलाशी माझा होनारा जावय हाय सायेब. साखरपुडा झालाय." आणि तिथून पुढे त्याने तोंड मिटलं. ढाल कधी आणली, आठवत नाही. तुकडा त्याच जागचा का, सांगता येत नाही. मी कायदा सांगितला, दटावलं. ढिम्म. शेवटी ठाण्याच्या पायरीवर बसणाऱ्या त्या बाईचं सांगितलं. त्याने मान खाली घातली.

आतल्या दारातून मुलगी बाहेर आली. "हळद माझ्या हातची हाय," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "राखणदार सापडला त्याच दुपारी ही ढाल आमच्याकडं आली. बाबा, पक्कड घ्या."

सुतार तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, पक्कड घेतली आणि स्वतःचेच टाके एकेक करून तोडले. झाकणाचं ठिगळ काढलं, त्या जागी आमचा तुकडा ठेवला. बरोबर बसला.

पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या. तोवर मुलगी उभीच होती.

"झालं लिहून?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता पुसू?"

मला कळेना. हवालदार हळूच म्हणाला, "सांधा फसला की हळद लेकीनंच पुसायची असते, सायेब." तिने पदराच्या टोकाने ती हळद पुसली, स्वच्छ, आणि आत निघून गेली.

खलाशाने त्याच दिवशी कबुली दिली, धडक त्याच्याच फटफटीची होती. गाडीवान सुटला, बायकोबरोबर चालत घरी गेला. पुढे राखणदारही वाचला. कबुली काढून घेण्यात मी वाकबगार समजला जायचो, आणि त्याचा मला ताठाही होता. खरं हे माणसाकडून उपसूनच काढावं लागतं, असं मी धरून चाललो होतो. कोणी स्वतःचा संसार मांडण्याआधीच मोडून ते हातावर आणून ठेवील, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

त्या दिवशी सुताराकडून परतताना हवालदाराने विचारलं, "सायेब, तुमी टोपी काढून का उभे व्हता?" टोपी माझ्या हातातच होती. कधी काढली, मला कळलंच नव्हतं.