ढगातच राहिलेली मुलगी

“आरे, राक्षसले मंग मार! पहिले पोरले घर लई ये!” काकू कपाशीतून अशी ओरडली, की तापीपलीकडच्या बैलांनीही माना वळवल्या. १९६०च्या सुमाराची गोष्ट. सारंगखेड्याला आमच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या आणि मी बांधावर बसून शाळेतून आणलेलं पुस्तक त्यांना अहिराणीत वाचून दाखवत होतो. ढगांच्या राज्यात गेलेल्या एका मुलीची गोष्ट. पुस्तकात राक्षस एकच होता. मी सत्तर केले, तरी बायांना पुरेनात.

फक्त माझी थोरली बहीण जिजी हसत नव्हती. वेचणी संपली की तिचं लग्न होतं, लांब सुरतेला. ओटीतला कापूस मुठीत आवळून तिनं विचारलं, “मंग, ती उनी का घर?” मी शेवट आधीच वाचला होता. मुलगी ढगातच राहते. पण जिजीचं तोंड बघून मी त्या मुलीला घरी आणलं. हत्तीवरून, वाजतगाजत, सगळ्या गावाला जेवण घालून.

नातवासाठी आणलेलं तेच पुस्तक परवा वाचायला घेतलं. तेव्हा विटेएवढं जाड होतं, आता पापड. तरी दोन पानांत डोळे शिणले. शेवट तोच होता, मुलगी ढगातच. आयुष्यभर गाडाभर थापा मारल्या, ओझं झालं ते या एकीचंच. शेवटी सुरतेला फोन लावला आणि कबूल केलं, “जिजी, ती पोर घरी आलीच नव्हती.”

“माले तवयच समजनं व्हतं,” जिजी म्हणाली. “तू पान पलटाडतच नव्हता.”